घरी व्यायामासाठी कोचिंग अॅप घ्यावं का? वजनं उचलायला शिकायचंय, गुडघा थोडा कुरकुरतो

घणसोली_सेक्टरवाली

नमस्कार मंडळी. वय ४२, राहायला घणसोली, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. परवाच्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले गोळी एवढ्यात नको, पण नुसतं चालून भागणार नाही, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायचे व्यायाम करा. जिमला जायला वेळ नाही, ट्रान्सहार्बर लोकलने येऊन-जाऊन आणि पुढे रिक्षाच्या लाइनीत उभं राहून घरी पोचते तेव्हा स्वयंपाकाची वेळ झालेली असते, त्यामुळे सकाळचा अर्धा-पाऊण तास आणि हॉलमधली सोफा सरकवून होते तेवढी जागा, एवढंच माझ्याकडे आहे.

मैत्रिणीने एक कोचिंग अॅप सुचवलं. व्हिडिओ आहेत, रोजचा प्लॅन येतो, आणि जास्तीचे पैसे भरले तर कोच मिळतो. तीन महिन्यांचे पैसे एकदम मागतायत आणि रक्कम काही लहान नाही. मला विचारायचंय की अॅपवरून वजनं उचलायला खरंच शिकता येतं का, की समोर माणूस लागतोच? उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. आणि युट्यूबवर एवढं फुकट असताना पैसे नक्की कशाचे द्यायचे? ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.


उपवन_पहाट

ताई, मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, कोचवालं अॅप बरेच दिवस वापरतोय, माझा अनुभव चांगला आहे. पण आधी एक गोष्ट समजून घ्या, या अॅपमध्ये तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने विकतात. पहिली म्हणजे आधीच शूट केलेले व्हिडिओ. दुसरी म्हणजे तुम्ही वय, वजन, किती दिवस वेळ आहे हे भरता आणि सॉफ्टवेअर त्यावरून प्लॅन बनवतं, काही ठिकाणी मोबाइलचा कॅमेरा बैठका मोजतो पण. तिसरी म्हणजे खरा माणूस, जो तुमचा व्हिडिओ बघतो आणि सांगतो की कंबर वाकतेय, टाच उचलली जातेय, पुढच्या आठवड्यात वजन वाढव किंवा वाढवू नको. पहिल्या दोन गोष्टींना पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. तिसरी असेल तर मात्र जरूर द्या, नवीन माणसाला सुरुवातीला त्याचाच खरा उपयोग होतो.

कारण वजन उचलताना आपल्याला आत जे जाणवतं आणि बाहेर जे दिसतं त्यात खूप फरक असतो. मला पाठ सरळ आहे असंच वाटायचं, कोचने व्हिडिओ थांबवून त्यावर रेघ मारून दाखवलं की वाकताना मी कंबरेतून गोल होतोय, नितंब मागे जातच नाहीयेत. मग त्याने भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभं राहायला सांगितलं आणि फक्त नितंबांनी भिंतीला शिवायचं, पाठ हलवायची नाही. त्या एका सूचनेने जे सुधारलं ते कितीही व्हिडिओ बघून सुधारलं नसतं. आणि ते सॉफ्टवेअर? ते बैठक मोजतं बरोबर, पण गुडघा आत पडतोय हे त्याला समोरून कॅमेरा असला तरच थोडंफार कळतं आणि का पडतोय हे अजिबात नाही.

तर पैसे भरायच्या आधी ट्रायलमध्ये हे करून बघा. बैठकीचा एक व्हिडिओ बाजूने घ्या, मोबाइल कंबरेच्या उंचीवर, खिडकी मोबाइलच्या मागे आली पाहिजे म्हणजे उजेड तुमच्यावर पडतो, आणि डोक्यापासून पावलापर्यंत सगळं फ्रेममध्ये. तो कोचला पाठवा, गुडघा जिना उतरताना दुखतो हे पण लिहा. एक-दोन दिवसांत तुमच्याच गुडघ्याबद्दल, तुमच्याच व्हिडिओबद्दल उत्तर आलं तर ठीक. ‘छान चाललंय, असंच करत राहा’ असं उत्तर आलं तर पलीकडे कोणी बघत नाहीये असं समजा आणि सोडून द्या. आणि ज्याने सुरुवातीला आजार, औषधं, जुनी दुखणी विचारलीच नाहीत त्या कोचकडे तर जाऊच नका.


खारघरकर

माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे सूर्यनमस्कार आहेत, जोर आहेत, बैठका आहेत, हे सगळं सतरंजीवर होतं आणि एक रुपया लागत नाही. अॅपच पाहिजे असेल तर सरकारचं फिट इंडिया अॅप आहे, २९ ऑगस्ट २०२१ ला राष्ट्रीय क्रीडा दिनाला आलं, मोफत आहे, हिंदी आणि इंग्रजीत आहे. डब्ल्यूएचओ आणि आयुष मंत्रालयाचं एमयोगा पण त्याच वर्षी योग दिनाला आलं. माणसाला रोज उठून करायची सवय लागली पाहिजे, ती विकत मिळत नाही. मी पहाटे खारघरच्या सेंट्रल पार्कला जातो, तिथे साठीच्या पुढची माणसं जोर मारताना बघतो, त्यांच्याकडे कुठला कोच आहे? हे अॅपवाले लोकांच्या काळजीवर पैसे कमावतात असं माझं स्पष्ट मत आहे.


उपवन_पहाट

दादा, जोर-बैठकांबद्दल माझ्याही मनात आदरच आहे आणि सूर्यनमस्कार मी स्वतः घालतो. पण दोन गोष्टी त्यात कमी पडतात. एक म्हणजे ओढण्याचा व्यायाम नाही. जोर म्हणजे ढकलणं, सूर्यनमस्कारात पण ढकलणंच, पाठीचा वरचा भाग आणि खांद्यामागचे स्नायू कामालाच लागत नाहीत, आणि आपण दिवसभर कॉम्प्युटरपुढे खांदे पुढे टाकून बसणारी माणसं, आपल्याला तेच सगळ्यात जास्त लागतं. जुन्या तालमीत जोर-बैठकांच्या जोडीला मल्लखांब असायचा, तो ओढण्याचा भाग भरून काढायचा. घरी त्याच्या जागी रबरी बँड चालतो, दाराच्या फटीत अडकवायचा पट्टा मिळतो, दार आपल्या बाजूला उघडणारं नसावं एवढं बघा नाहीतर ओढताना उघडेल.

दुसरं, स्नायू वाढायला भार हळूहळू वाढत गेला पाहिजे. तेवढेच बारा सूर्यनमस्कार वर्षभर घातले तर अंग मोकळं राहील, दम वाढेल, पण ताईंच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते त्याने पूर्ण होणार नाही. त्यासाठी महागडे डंबेल पण नकोत, एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच किलो, सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून ती छातीशी धरून बैठक होते. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जातायत पण ढब बिघडत नाहीये, इतपत भार ठेवायचा आणि तो सोपा वाटायला लागला की वाढवायचा.


फिजिओ_नेरुळ

मी नेरुळला फिजिओथेरपिस्ट आहे. वर दोघांनी चांगलं लिहिलंय, मी फक्त साखर आणि गुडघा एवढ्यावरच बोलते.

साखरेचं आधी. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या आधीचा टप्पा. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासात भारतात अशी माणसं १३.६ कोटी असल्याचं आलं होतं, म्हणजे तुम्ही एकट्या नाही, आणि या टप्प्यावर व्यायामाचा फायदा खूप होतो. स्नायू काम करत असताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतो आणि व्यायाम संपल्यावरही तो परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. रविवारी दोन तास करून बाकी आठवडा काहीच नाही, त्यापेक्षा सोमवार, बुधवार, शुक्रवार पंचवीस-तीस मिनिटं कितीतरी चांगली. डब्ल्यूएचओचं म्हणणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम. घणसोली स्टेशनला चालत जाणं शक्य असेल तर ती मिनिटं तिथेच निघतात, आणि रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीत फेरी मारा, जेवणानंतर साखर जी वर जाते ती त्याने खाली राहते.

आता गुडघा. उतरताना दुखणं आणि चढताना न दुखणं हे बहुतेक वेळा वाटीच्या मागचं दुखणं असतं, मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कमजोर असले की वाटीवर ताण जास्त येतो. न बघता मी निदान करणार नाही. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चालताना एकदम दगा देत असेल तर अॅप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल तर व्यायाम बंद करायचा नाही, उलट व्यायामच औषध आहे. सुरुवात उंच खुर्चीवर बसणं-उठणं, आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं. लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं) आणि उड्या सध्या नकोत. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा, तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकंच झालं असेल तर चालतं. दुसऱ्या दिवशी वाढलेलं असेल तर भार कमी करा. गुडघ्यातून नुसता कटकट आवाज येतोय आणि दुखत नाहीये, तर त्याला घाबरायचं काहीच कारण नाही.

अजून एक, वजन उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. आणि बीपी तपासून घ्या सुरुवात करायच्या आधी, हे अॅप सांगत नाही.


वाशी_मिनीसीशोर

पैशाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय, खूप महत्त्वाचं आहे. मी एका अॅपची सात दिवसांची फ्री ट्रायल घेतली होती, ट्रायलमध्येच यूपीआय ऑटोपे (पैसे आपोआप कापायची परवानगी) चालू करायला लावतात, नंतर अॅप डिलीट केलं तरी पूर्ण वर्षाचे पैसे कापले गेले आणि कस्टमर केअर नुसती मेल पाठवत राहिलं. नाव घेत नाही. तर अॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन तिथून कॅन्सल करायचं. थेट यूपीआयने दिलं असेल तर तुमच्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून भाग असतो, तिथून मँडेट रद्द करायचं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे, तो मेसेज वाचल्याशिवाय उडवू नका.

आणि कॅन्सल करायचं बटण मुद्दाम लपवून ठेवलं असेल तर ती नुसती गैरसोय नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न्सची, म्हणजे अॅप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांची, जी नियमावली काढली त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप नावाने हाच प्रकार आहे. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. माझ्या मते तर तीन महिने एकदम घेऊच नका, महिन्याचा प्लॅन मागा, थोडा महाग पडला तरी.


घणसोली_सेक्टरवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गुडघा सुजत नाही, अडकत नाही, बीपी नॉर्मल आहे. त्या अॅपच्या कोचला कालच बाजूने व्हिडिओ पाठवला. आज उत्तर आलं, तिने लिहिलंय की खाली जाताना वजन पंजावर येतंय, टाचांवर ठेवा, आणि खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. म्हणजे बघतेय. एक महिन्याचाच प्लॅन मागितला, आधी नाही म्हणाले, मग दिला, आणि पैसे एकदाच भरलेत, ऑटोपे चालू केलं नाही.

दोन प्रश्न राहिलेत. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, सकाळी साडेसहाला आवाज होऊन चालणार नाही, प्लॅनमध्ये जंपिंग जॅक्स आहेत त्याचं काय करू? आणि सासूबाई ६८ च्या आहेत, त्या बघत बसतात आणि परवा म्हणाल्या मला पण काहीतरी सांग ना. त्यांना याच अॅपवरचं करू दे का?


उपवन_पहाट

बाळाच्या घरावर उड्या नकोतच आणि तुमच्या गुडघ्याला पण नकोत. कोचला सांगा, ती बदलून देईल. जागेवर गुडघे वर घेत चालणं, किंवा बैठकीत खाली जाताना तीन आकडे मोजत सावकाश जाणं, दोन्हीने दम लागतो आणि आवाज शून्य. वजन खाली ठेवताना टाइल्सवर आपटू नये म्हणून जुनी गोधडी दुमडून ठेवा. पावसाळ्यात टाइल्सना ओल येते, तेव्हा मॅट सरकते, आधी फरशी कोरडी पुसून घ्या.


फिजिओ_नेरुळ

सासूबाईंना तुमचा प्लॅन देऊ नका, तो तुमच्यासाठी बनलाय. पण त्यांना नक्की सामील करून घ्या, त्यांनी स्वतःहून विचारलंय ही फार चांगली गोष्ट आहे. ६५ च्या पुढे ताकदीइतकाच तोल महत्त्वाचा, पडणं टाळायला. डब्ल्यूएचओ त्या वयासाठी आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते.

सुरुवातीला एक सोपी चाचणी घ्या. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, त्यांना हात छातीवर दुमडायला सांगा आणि ३० सेकंदात पूर्ण उभं राहून किती वेळा बसता-उठता येतं ते मोजा, तुम्ही बाजूला उभ्या राहा. ६५ ते ६९ वयाच्या बायकांमध्ये ११ पेक्षा कमी आलं तर पायांची ताकद कमी आहे असं धरतात. कमी आलं तरी काळजी नको, तोच व्यायाम, उशी ठेवून, हाताचा आधार घेऊन. त्याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा वर करणं, आणि ओट्याजवळच एक पाय किंचित उचलून दहा सेकंद. साडी किंवा गाऊन पायात येणार नाही असं बघा, मोज्यांवर करू देऊ नका. उठताना चक्कर येत असेल किंवा बीपी, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून मग सुरू करा, आणि साखर कमी करणारी गोळी घेत असतील तर उपाशीपोटी अजिबात नको, चहा-बिस्किटांनंतर चालेल.