एनएफएल ट्रेनिंग कॅम्पचा सराव बघायचा आहे: पास, तारखा, सह्या यांचं काय?

मुलुंडचा_बाबा

नमस्कार मंडळी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून १५ ऑगस्टपर्यंत आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला बहिणीकडे आहोत. मुलगा बारा वर्षांचा, मुंबईत फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचाच, पण धडकाधडकी नसलेला प्रकार) खेळतो, जागा वाइड रिसीव्हरची, म्हणजे पळत जाऊन पास झेलणाऱ्याची. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, मोसम सप्टेंबरात सुरू होतो, तोवर त्याची आयबीची शाळा उघडलेली असते. म्हणजे सामना बघणं जमणार नाही. संघांचे मोसमाआधीचे सरावाचे कॅम्प मात्र नेमके आमच्या तारखांत येतात. कुठल्याही दिवशी गेलं तर चालतं का? पास इथे मुंबईत बसून काढता येतो, की अमेरिकन मोबाइल नंबर लागतोच? एडिसनहून कुठला संघ सोयीचा? आणि सह्या खरंच मिळतात, की नुसतं दोरीमागून बघायचं? पोराला उगाच आशा लावून ठेवायची नाही, म्हणून आधीच विचारतोय.

चौथा_डाऊन

कुठल्याही दिवशी गेलात तर हमखास फसाल. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून नेट्स बघाव्यात तसं हे नाही. प्रत्येक संघ ठरावीक दिवसच लोकांना खुले ठेवतो, बाकीचे बंद. खुल्या दिवसांची यादी संघाच्या वेबसाइटवर साधारण जून-जुलैत लागते.

आता तारखांचं गणित. अनुभवी खेळाडू जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजर होतात. खेळाडू संघटनेबरोबरच्या करारानुसार पहिले काही दिवस शरीराला सवय व्हावी म्हणून राखीव असतात. डोक्यावर हेल्मेट असतं पण खांद्यावर पॅड नाहीत, त्यामुळे धडकाधडकी नाही. बहुतेक संघांचा पहिला पॅडेड, म्हणजे पॅड घालून धडकाधडकीचा, सराव जुलैच्या अगदी शेवटी येतो. असे सराव सगळ्या कॅम्पात मिळून जास्तीत जास्त १६, आणि दिवसाला एकच. आठवड्यातून सुट्टीचा दिवसही येतो. वेळापत्रकात ‘वॉक-थ्रू’ असं लिहिलेलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका. त्यात खेळाडू चालत चालत रचना पाठ करतात, पोरगं पंधरा मिनिटांत कंटाळेल.

तुमच्यासाठी ३० जुलै ते १० ऑगस्ट हा पट्टा चांगला. त्यानंतर सरावसामने सुरू होतात, खुले दिवस भराभर कमी होतात, आणि ऑगस्टच्या मध्यानंतर बहुतेक संघ दारं लावून घेतात. पहिल्या सामन्याच्या चाली मैदानावर यायला लागलेल्या असतात ना.

दोन संघ एकत्र सराव करतात तो ‘जॉइंट प्रॅक्टिस’चा दिवस खुला मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या. सरावसामन्यात मोठी नावं जेमतेम दहा-पंधरा मिनिटं खेळतात, कधी उतरतच नाहीत. इथे मात्र एका संघाचा पहिल्या फळीचा रिसीव्हर दुसऱ्या संघाच्या पहिल्या फळीच्या कॉर्नरबॅकसमोर (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूसमोर) तास-दीड तास असतो. हातघाईही होते, पण तो वेगळा विषय.

एक फायदा कोणी सांगत नाही. सराव बहुधा सकाळी असतो. मुंबईहून गेल्यावर पहिले चार दिवस सगळं घर पहाटे चारलाच जागं असतं, त्यामुळे लवकर पोचायला त्रास नाही. पण सवयीच्या दिवसांचा सराव बघून ‘हे तर नुसतं पळतायत’ असं म्हणू नका, एवढंच.

हडसनकाठी

पासाबद्दल. बहुसंख्य संघांचे कॅम्प पास फुकट असतात, पण फुकट म्हणजे सहज मिळणारे असा अर्थ घेऊ नका. ठरलेल्या वेळेला ऑनलाइन सुटतात आणि चांगले दिवस पटकन संपतात. न्यू जर्सीत सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे ७:३०, तेव्हा मुंबईतून बसायला वेळ गैरसोयीची नाही. तरी माझा सल्ला: बहिणीच्या खात्यातूनच काढा. तिकीट अ‍ॅपवर खातं पडताळताना मोबाइलवर कोड येतो, भारतीय नंबरवर तो वेळेत येईलच असं नाही, आणि त्या दोन-तीन मिनिटांत पास हातचा जातो. लहान मुलालाही वेगळा पास लागतो का, हे त्या संघाच्या पानावर बघा. सगळीकडे सारखा नियम नाही.

दारावर सर्वात जास्त घोळ स्क्रीनशॉटचा होतो. मोबाइल तिकिटाचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलणारा असतो, त्यामुळे वॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो किंवा घरून आणलेली छापील प्रत चालत नाही. बहिणीने अ‍ॅपमधून तुमच्या नावावर ट्रान्सफर करावं किंवा ती स्वतः सोबत यावी. घरून निघतानाच पास फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. गेटवर हजारो लोक एकाच टॉवरवर असतात, तिथे अ‍ॅप गोल गोल फिरत बसतं.

पास मिळाला नाही तर आदल्या संध्याकाळी पुन्हा बघा. बरेच लोक फुकट म्हणून काढून ठेवतात आणि मग परत करतात. फुकटचा पास कोणी पैसे घेऊन विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता संघ. न्यू जर्सीत दोन ठाणी आहेत: जायंट्स ईस्ट रदरफर्डला, मेटलाइफ स्टेडियमच्या शेजारी, एडिसनहून साधारण ४५ किलोमीटर, आणि जेट्स फ्लोरहॅम पार्कला, ते तुम्हाला त्याहून थोडं जवळच. फिलाडेल्फिया शंभरेक किलोमीटरवर. पण तिथल्या ईगल्स संघाचा रोजचा सराव बंद असतो. स्टेडियममध्ये एखाद-दुसरा सराव तिकीट लावून खुला करतात, त्याचे पैसे त्यांच्या ऑटिझम फाउंडेशनला जातात. गर्दी प्रचंड, मैदान लांब. सह्यांच्या आशेने तिथे जाऊ नका.

यंदा कोण कुठे कॅम्प लावतंय हे मात्र बुकिंगआधी तपासा. काही संघ आपल्या ठाण्यावरच राहतात, काही दोन-तीन आठवडे बाहेर मुक्काम टाकतात. दोन दिवस मोकळे असतील आणि गाडी असेल तर माझं मत पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाच्या बाजूने आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लेट्रोब गावातलं सेंट व्हिन्सेंट कॉलेज, कॅम्प तिथे १९६६पासून. एडिसनहून ५०० किलोमीटर, पाच तास धरून चाला. खेळाडू कॉलेजच्या वसतिगृहात राहतात, मैदानाच्या कडेला टेकडीचा उतार आहे, तिथे बसून सगळं दिसतं. ठाण्यावरच्या कॅम्पात ती मजा नाही.

बोरिवली_ब्लिट्झ

सामानाचं मी सांगते, कारण आपल्याकडची माणसं तिथेच अडतात. पाठीवरची सॅक, त्यात डबा, छत्री, बाटली, असं घेऊन गेलात तर सगळं गाडीत ठेवायला परत पाठवतील, आणि पार्किंग बहुधा लांब असतं. लीगच्या स्टेडियमचा पारदर्शक पिशवीचा नियम बऱ्याच कॅम्पांनाही लागू असतो. १२ × ६ × १२ इंचांपर्यंतची आरपार दिसणारी प्लास्टिक पिशवी, किंवा एक गॅलनची झिपलॉक. त्याशिवाय हातात मावेल एवढं छोटं पाकीट, ४.५ × ६.५ इंच. बस. झिपलॉक बहिणीच्या स्वयंपाकघरात असेलच, नवीन काही घेऊ नका.

छत्री बहुतेक ठिकाणी नाही, मागच्याला दिसत नाही म्हणून. पातळ रेनकोट घ्या. पाण्याची सीलबंद बाटली कुठे चालते, कुठे नाही, ते बघून घ्या.

आपण ऑगस्ट म्हटलं की पावसाचा विचार करतो, तिथे खरा त्रास उन्हाचा. बाकडी अ‍ॅल्युमिनियमची, डोक्यावर छप्पर नाही. अकराच्या सुमारास हाफ पॅंटमधलं पोरगं त्या बाकावर टेकेल तर उडी मारून उठेल. बसायला जाड टॉवेल घ्या. टोपी, सनस्क्रीन, आणि पाणी बंदी असेल तर आत विकत घ्यायला पैसे.

आणि वीज. वीज चमकली की सराव थांबतो, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं शांत गेल्याशिवाय सुरू होत नाही. बऱ्याचदा संघ सरळ इनडोअर मैदानात जातो आणि तिथे प्रेक्षकांना जागा नसते. झालं, दिवस गेला. म्हणून एकाच दिवसावर अवलंबून राहू नका, दोन तारखांचे पास काढा आणि नको असलेला वेळेत परत करा. सकाळी निघण्याआधी संघाचं सोशल मीडियाचं पान बघायचंच.

फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण सांघिक सराव सुरू झाला की व्हिडिओ बंद. चाली बाहेर जाऊ नयेत म्हणून. मोबाइल उंच धरून रील करत बसलात तर सुरक्षारक्षक आधी सांगतो, मग बाहेर काढतो. लांब लेन्सचे कॅमेरे कित्येक ठिकाणी आतच घेऊ देत नाहीत.

मुलुंडचा_बाबा

सगळ्यांचे आभार. म्हणजे ३० जुलैनंतरचे दोन दिवस, पास बहिणीच्या खात्यातून. आता एकच: रिसीव्हर खेळणाऱ्या मुलाने नेमकं बघायचं काय, बसायचं कुठे? आणि सह्यांचं राहिलं.

चौथा_डाऊन

गेट उघडताना आत शिरा. सुरुवातीचा अर्धा तास त्याच्या कामाचा असतो आणि नेमके त्याच वेळी लोक पार्किंग शोधत असतात.

आधी स्ट्रेचिंग, मग भोंगा वाजतो आणि खेळाडू आपापल्या जागेप्रमाणे गटांत पांगतात. या वैयक्तिक सरावात रिसीव्हर कुठल्या कोपऱ्यात जातात ते बघून त्या बाजूला बसा. मैदानाच्या मध्यावर समोरासमोर भिडणाऱ्या लाइनमनच्या मागे बसलात तर दीडशे किलोची माणसं एकमेकांना ढकलताना दिसतील. बघायला थरारक, पण फ्लॅगमध्ये ब्लॉकिंगच नाही, त्याला उपयोग शून्य.

त्याला सांगा, चेंडू बघू नकोस, पाय बघ. वळण घ्यायच्या आधीच्या दोन-तीन पावलांत रिसीव्हर कंबर खाली आणतो, पावलं छोटी करतो, आणि वळल्यावर पहिलं पाऊल चेंडूकडे टाकतो. टीव्हीवर कॅमेरा क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, असतो, त्यामुळे हे कधी दिसतच नाही. दुसरं, झेल घेताना हातांचा आकार: छातीच्या वरचा चेंडू असेल तर अंगठे एकमेकांकडे, कमरेखालचा असेल तर करंगळ्या एकमेकांकडे. प्रशिक्षक ओरडून ओरडून तेच सांगत असतात.

नंतर एकास एक, मग सेव्हन-ऑन-सेव्हन (सातास सात), शेवटी अकरास अकरा. त्याच्यासाठी सेव्हन-ऑन-सेव्हन सोन्यासारखं. दोन्हीकडच्या लाइनमनची धडकाधडकी नसते, फक्त पास आणि बचाव. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे तो पाच-पाच जणांचा, पण मोकळी जागा शोधायची पद्धत तीच.

खेळाडूंची यादी फोनमध्ये उतरवून न्या. कॅम्पात ९०च्या आसपास जण असतात, त्यामुळे एकच नंबर आक्रमणातल्या आणि बचावातल्या अशा दोघांच्या पाठीवर सापडतो. जर्सीचा रंग बघून ओळखायचं. क्वार्टरबॅक बहुधा लाल जर्सीत, म्हणजे त्याला हात लावायचा नाही. हेल्मेटवर मऊ फुगीर आवरण दिसेल ते गार्डियन कॅप, धडकेचा जोर कमी करायला. पोरगं पहिला प्रश्न त्याचाच विचारेल.

हडसनकाठी

सह्या मिळतात, पण पद्धत आहे. बऱ्याच कॅम्पांत लहान मुलांसाठी वेगळी जागा आखलेली असते आणि कुठल्या दिवशी कुठला गट सह्या देणार ते ठरलेलं असतं. आज लाइनबॅकर (बचावातला एक गट), उद्या रिसीव्हर, असं. हे जाहीर करत असतील तर रिसीव्हरांच्या दिवसाचाच पास बघा. सराव संपायच्या दहा मिनिटं आधी, शेवटच्या सांघिक फेरीवर पाणी सोडून, खेळाडू बाहेर पडतात त्या वाटेच्या दोरीला जाऊन उभं राहायचं.

मोठ्या नावांच्या मागे लागू नका. ऑगस्टच्या अखेरीस या नव्वदांतले ५३च उरतात. ज्यांची जागा पक्की नाही ती मुलं थांबून, नाव विचारून सही देतात, दोन शब्द बोलतात. रिसीव्हर असेल तर ‘वळताना पाय कसे ठेवतोस?’ एवढं विचारायची तयारी पोराकडून करून घ्या.

वस्तू एकच न्या. साधा चामड्याचा चेंडू नको, खरबरीत असतो, शाई पसरते आणि फिकट होते. सह्यांसाठी पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्यांचा चेंडू मिळतो, तो आणि काळा शार्पी मार्कर. गडद टोपी किंवा हेल्मेट असेल तर चंदेरी. मार्करचं टोपण काढून हात पुढे करू नका, गर्दीत धक्का लागून कोणाच्या तरी जर्सीवर रेघ उठते आणि खेळाडू पुढे निघून जातो. टोपण लावून द्यायचं, तो स्वतः काढतो. सही झाली की मिनिटभर चेंडूला हात लावू द्यायचा नाही.

मुलांसाठी बाहेर पळायचे, फेकायचे खेळ मांडलेले असतात. त्याला पालकांचं संमतिपत्र मोबाइलवर भरावं लागतं, तेव्हा डेटा चालू असलेला एक फोन मुलाबरोबर जाणाऱ्याच्या खिशात हवा.

कूपरेज_कट्टा

थोडं विषयांतर. परत आल्यावर पोरगं विचारेल की आपल्या मुंबई सिटी या फुटबॉल (सॉकर) क्लबचा सरावही असा बघता येईल का. गेटवर जाऊन उभं राहिलं तर नाही. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) महिनाभर लोकांना खुला कॅम्प ही पद्धतच नाही, आणि आशियाई क्लब स्पर्धेतही सामन्याच्या आदल्या दिवशीच्या अधिकृत सरावाची पहिली १५ मिनिटं फक्त माध्यमांसाठी खुली असतात. त्यापेक्षा अंधेरीच्या मैदानावर सामन्याच्या दिवशी तासभर आधी जा. वॉर्म-अपला खेळाडू येतात तेव्हा पहिल्या काही रांगांतून पास-पासचा सराव अगदी जवळून दिसतो, आणि त्यासाठी सामन्याच्या तिकिटाव्यतिरिक्त काही लागत नाही.