पुस्तक लिहिणाऱ्याने गिट शिकावं का?

कृष्णाकाठचा
सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांवर) दोन वर्षं लिहायलोय. फोल्डरमध्ये ‘पेव_अंतिम’, ‘पेव_अंतिम_२’, ‘पेव_खरंच_अंतिम’ अशा २३ फायली. २००५ च्या पुराचं प्रकरण छाटलं, त्यात पेवांत पाणी कसं शिरलं हे एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने सांगितलेलं वर्णनही गेलं. शोधण्यात अख्खा रविवार गेला. त्या दिवसापासून गिट वापरतोय, म्हणजे फायलीची प्रत्येक टप्प्याची आवृत्ती जपून ठेवणारं सॉफ्टवेअर. मोठं लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते शिकावं, असं माझं ठाम मत. दर टप्प्याला नोंद (‘कमिट’) करता येते: ‘पूर छाटला, रडगाणं झालं होतं’. मागाहून आपलीच कारणं आपल्याला सापडतात.

मिरजेचा मी
दादा, टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट केलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, तिथे जगभरची माणसं एकाच कोडला हात लावतात. तुम्ही एकटे! वर्डची फाईल म्हणजे झिप केलेलं गाठोडं, आत काय बदललं ते गिट सांगत नाही. साध्या मजकुरात लिहिलंत तर परिच्छेद म्हणजे एक ओळ; स्वल्पविराम हलला तरी सगळा परिच्छेद बदलला म्हणून लाल-हिरवा दिसतो. फाईलचं नाव मराठीत ठेवून बघा, नावाऐवजी आकड्यांची माळ दिसते. गूगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात. डोक्याला ताप कशाला?

कृष्णाकाठचा
आकड्यांची माळ गिटमधलं ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग बंद केलं की जाते. ओळींचं म्हणाल तर ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय लावा, बदललेले शब्दच दिसतात. मी एका ओळीत एकच वाक्य लिहितो. (माझी वाक्यं किती लांबतात ते तेव्हा कळलं. लाज वाटली.) आणि गूगल मधल्या आवृत्त्या कधी एकत्र करून टाकतं. नाव दिलेली टिकते, पण नाव द्यायचंच तर मग कमिट काय वाईट?

खिळेजुळारी
३० वर्षं अक्षरजुळणी करतोय, म्हणून बोलतो. लेखक युनिकोडमध्ये देतो, आम्ही ते जुन्या फाँटात बदलून पानं लावतो. पुढच्या दुरुस्त्या लाल पेनाने प्रुफावर. त्या तुमच्या गिटमध्ये परत कोण चढवणार? शेवटी पुस्तक एक आणि फाईल दुसरीच. शिवाय ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला सारखाच, यंत्राला वेगळा. मुद्रितशोधकाचा कीबोर्ड निराळा असला की पानोपानी बदल दिसतील, आणि खरी चूक त्यात बुडेल.

कृष्णाकाठचा
र चं ध्यानात नव्हतं. कमिट करण्याआधी सगळे एकाच तऱ्हेचे करून घेईन. प्रुफाचं मात्र मान्य, तिथे हाताने चढवण्यावाचून इलाज नाही.

मिरजेचा मी
आणि सगळं एकाच कॉम्प्युटरवर ना? २०१९ ला आमच्या दुकानात पाणी आलं तेव्हा सीपीयू बुडाला, इतिहासासकट. दुसरीकडे पुश करता का, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी प्रत पाठवता का?

कृष्णाकाठचा
…आज रात्री करतो.

खिळेजुळारी
ते राहू द्या. व्यापाऱ्याचा मजकूर मिळाला का?

कृष्णाकाठचा
मिळाला. तेवीसपैकी एकातही नव्हता. बायकोला व्हॉट्सॲपवर वाचायला पाठवला होता, तिच्या मोबाईलमध्ये निघाला.