मदत हवी आहे : रोमेरचा ‘ल रेयाँ व्हेर’ (१९८६) पडद्यावर दाखवताना

फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेरचा हा चित्रपट (नावाचा अर्थ ‘हिरवा किरण’) फिल्म क्लबमध्ये मराठी सबटायटल्ससह दाखवायचा आहे. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

सबटायटल्स सेकंदाला २४ फ्रेम्सच्या प्रतीवरून केली, हातातली फाइल २५ची, म्हणजे थोडी वेगाने पळणारी. त्यामुळे ती मिनिटामागे सुमारे २.४ सेकंद मागे पडतात. सगळ्या वेळांना ०.९६ने गुणून हे सुटलं. खरी अडचण शेरबुर्ग या गावातल्या जेवणाच्या प्रसंगाची. नायिका देल्फिन मांस का खात नाही हे सांगते आणि टेबलावरचे सगळे एकदम बोलतात. दोन ओळींत दोनच माणसं मावतात. तिसऱ्याचं वाक्य गाळावं, की पुढच्या सबटायटलमध्ये ढकलावं? तिचं एकटेपण याच गलक्यात सर्वाधिक कळतं, म्हणून तिचा एकही शब्द सोडायचा नाही.

दुसरं, शेवटचा हिरवा किरण. सूर्य बुडताना क्षणभरच दिसतो. जास्त दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलमध्ये तो क्षितिजाच्या पट्ट्यांत विरतो, प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’ या भडक मोडवर असला तर पांढुरका पडतो. ‘सिनेमा’ मोड, पूर्ण अंधार आणि मूळ चौकोनी चौकट (ताणून रुंद न करता) एवढं ठरलंय. गॅमा (मधल्या छटांचा उजेड ठरवणारं सेटिंग) किती ठेवता? त्या क्षणी सबटायटल पडद्याच्या वरच्या बाजूला नेता का? ज्यांनी हा चित्रपट प्रोजेक्टरवर दाखवलाय त्यांनी कृपया नेमक्या सेटिंग्ज सांगा.