मदत हवी आहे: लिलावात गेलेली कलमबाग चुलतभावाने घेतली, आमचा हिस्सा राहतो का?

बेडं
देवगडला आजोबांची हापूसची बाग आहे, सातबारा सामाईक. पतसंस्थेच्या थकबाकीत लिलाव झाला आणि चुलतभावानेच बोली लावली. आता म्हणतो, पैसे मी भरले, बाग माझी. गणपतीला गेलो तर बेड्याला, म्हणजे बागेच्या फाटकाला, नवं कुलूप आणि साखळी. बाबांनी खांद्यावर कावड घेऊन त्या कलमांना पाणी घातलंय. लवकर सांगा, तो सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावायला फेरफार घालायला निघालाय.

कातळसडा
कर्ज कुणाच्या नावावर? बाबांची जामीनदार म्हणून सही आहे? लिलाव कधीचा?

बेडं
कर्ज थोरल्या काकांचं, बाबांची सही कुठेच नाही. तारखेचं काय घेऊन बसलात, हिस्सा राहतो का ते सांगा.

चाकरमानी७४
कोर्टात जाऊ नका. आमचा राजापूरचा वाटपाचा दावा 19 वर्षं चालला, निकाल ऐकायला वडील राहिले नाहीत. भावाला पैसे देऊन मिटवा.

वेंगुर्ल्याचा
पैसे का द्यायचे? कर्ज काकांचं, तर विकला गेला तो काकांचा हिस्सा.

कातळसडा
इतकं सरळ नाही. काकांनी कर्ता (एकत्र कुटुंबाचा प्रमुख) म्हणून घरासाठी, बागेसाठी कर्ज काढलं असेल तर ते बाकीच्यांवरही येऊ शकतं. उलट, सहहिस्सेदार असल्याचा फायदा घेऊन भावाने बाग घेतली असेल, तर 1882 च्या न्यास कायद्याचं कलम 90 बघा: तो फायदा सगळ्यांचा, खर्चातला आपापला वाटा भरून.

काजूवाला
शेतकरी दाखला काढून ठेवा, नाहीतर पुढे शेतजमीन घेता येत नाही.

वेंगुर्ल्याचा
ते कुणी विचारलंय? आत्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत का ते बघा आधी.

कातळसडा
तारीख सांगा हो! सहकारी संस्थेची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतल्या नियम 107 ने होते. विक्रीपासून 30 दिवसांत लिलावाच्या जाहीरनाम्यातली थकबाकी व्याज-खर्चासह आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के भरले, तर विक्री रद्द करून घेता येते. जमिनीत आधीपासून हक्क असलेल्या कुणालाही. विक्री कायम होऊन दाखला मिळेपर्यंत फेरफार व्हायला नको, तलाठ्याकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या.

बेडं
आत्ता कागद काढला. लिलाव 11 ऑगस्टचा. आज 4 सप्टेंबर! आत्यांची नावं आहेत, दोघींना फोन करतोय, पैसे जमवायला लागतील. नक्की आकडा कुणाकडे मागू?

कातळसडा
वसुली अधिकाऱ्याकडे, लेखी. रात्रीच्या गाडीने निघा. वकील देवगडातलाच बघा.