फ्रेडी अडू : फुगा होता की फुगवला?

डावा_विंगर : अमेरिकेचा फुटबॉलपटू फ्रेडी अडू याच्याबद्दल काल इथे एकाने ठोकून दिलं, "अडूत दमच नव्हता, असता तर डझनभर क्लब कशाला फिरला असता?" वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर. २००४ मध्ये अमेरिकेतल्या डीसी युनायटेड क्लबने १४ वर्षांचं पोर मैदानात उतरवलं. वर्षाला पाच लाख डॉलर, लीगमध्ये सर्वांत जास्त पगार, पेलेसोबत जाहिरात. हा पैसा तिकिटं खपवायला होता हो! तरी २००७ च्या २० वर्षांखालील विश्वचषकात त्याने पोलंडविरुद्ध हॅटट्रिक मारली. मग पोर्तुगालच्या बेन्फिकाने घेतला आणि लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना, धाडत राहिले : मोनॅको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर. दर हंगामात नवा देश, नवा कोच. पोरगं रुजणार कुठे?

बाकावरचा_बाबा : नॉर्वेचा ओडेगार्डही १६ व्या वर्षी रिअल माद्रिदला गेला. हेरेनवेन, व्हिटेसे, सोसिएदाद, सगळीकडे लोनवरच. २०२२ ला आर्सेनलचा कप्तान झाला. देश बदलणं हे कारण असेल तर त्याला का नाही बाधलं? अडूने स्वतःच नंतर मुलाखतीत मेहनत कमी पडल्याचं कबूल केलंय. तुम्ही कशाला वकिली करताय?

पेठेतला : मुळात तो १४ चा होता हे कशावरून? तेव्हाही लोक शंका घेत होतेच.

डावा_विंगर : घानात जन्मला म्हणून शंका? नॉर्वेच्या पोराला कुणी दाखला मागितला का?

पेठेतला : घाना राहू द्या, आपलं बोला. आमच्या पोराच्या १४ वर्षांखालील सामन्यात समोरच्या स्टॉपरला मिशा! सामना संपल्यावर गडी स्वतः बुलेट चालवत घरी गेला. तक्रार केली तर साहेब म्हणाले, "दाखला आहे ना?" माझं पोरगं त्यानंतर खेळायचं सोडून बसलं.

गोलकीपरची_आई : अगदी! फिफा २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात वय तपासायला मनगटाचं एमआरआय करते. जिल्हा पातळीवर निदान साधा एक्स-रे तरी काढा.

बाकावरचा_बाबा : खर्च कोण करणार, ताई? इथे लाइन आखायला चुना मिळत नाही.

पेठेतला : म्हणून चोरी चालू द्यायची? तुमच्यासारखेच साहेब बसलेत तिथे!

बाकावरचा_बाबा : तोंड सांभाळून. मी २० वर्षं फुकट कोचिंग केलंय.

डावा_विंगर : अहो, धागा अडूचा आहे.

बाकावरचा_बाबा : बरं, घ्या तुमचा अडू. २०११ च्या गोल्ड कपला (उत्तर-मध्य अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) अमेरिकेकडून पनामाविरुद्ध बदली येऊन विजयी गोलाची चाल त्यानेच रचली, हे मान्य. एक चाल. पुढे सर्बिया, फिनलंडपर्यंत गेला, तिथेही क्लबच दोषी?

डावा_विंगर : चला, एक चाल तरी पदरात टाकलीत, उपकार झाले! बेन्फिकाने त्याला सलग एक हंगाम खेळवला असता तर काय, हे मात्र सोयीने गाळलंत.

पेठेतला : एक्स-रेचं काय ठरलं?