टॉर्च रिपोर्टमध्ये सीएमव्ही पॉझिटिव्ह – पुढे काय करावं? (तासगाव–मिरज)

सावळजकर:
वहिनींना 14 वा आठवडा लागलाय. नवव्या आठवड्यात तीन दिवस ताप आणि अंगावर पुरळ होतं. तेराव्यात टॉर्च (बाळाला बाधू शकणाऱ्या लागणींची रक्ततपासणी) केली: रुबेला (जर्मन गोवर) आयजीजी (लागण कधीतरी झाल्याची किंवा लसीची खूण) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या लागणीची खूण) निगेटिव्ह. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचे मात्र दोन्ही पॉझिटिव्ह. घरातले हबकलेत, गर्भ पाडण्यापर्यंत बोलणं गेलंय. परवा मिरजेला दाखवायचंय. काय विचारायचं? थोरला तीन वर्षांचा आहे, अंगणवाडीत जातो.

लॅबवाला:
आधी घरच्यांना थांबवा. नुसत्या आयजीएमवर गर्भ पाडायचा निर्णय कुणी घेत नाही. सीएमव्हीचं आयजीएम कित्येक महिने रेंगाळतं, कधी दुसऱ्याच विषाणूमुळे खोटंही येतं. रुबेलाचा रिपोर्ट जुन्या लागणीचा किंवा लसीचा दिसतो, तरी पुरळाची तारीख डॉक्टरांना सांगाच.

आता एकच चाचणी महत्त्वाची: सीएमव्ही आयजीजी ॲव्हिडिटी, म्हणजे आयजीजी विषाणूला किती घट्ट चिकटतं ते. तेराव्या आठवड्यातल्याच रक्तावर ती करता येते का, हे लॅबला आजच फोन करून विचारा, कारण नमुने फार दिवस ठेवत नाहीत. ॲव्हिडिटी जास्त आली तर लागण तीन महिन्यांपेक्षा जुनी, म्हणजे बहुधा दिवस राहण्याआधीची. बाळाला धोका बराच कमी. कमी आली तर लागण ताजी असू शकते. पहिल्यांदाच झालेली ताजी लागण साधारण तीनात एका बाळापर्यंत पोचते, आणि पोचलेल्या सगळ्याच बाळांना त्रास होतो असं नाही.

उशीर करू नका. ताज्या लागणीत व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध दिवसाला 8 ग्रॅम देतात, पण लवकर सुरू केलं तरच उपयोग. डोस मोठा असल्याने किडनीची तपासणी करून, तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली.

सोनोग्राफी_कक्ष:
11 ते 13 आठवड्यांत सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद सोबत न्याच. बाळाचं खरं वय त्यावरून ठरतं. पाळीची तारीख चुकलेली असेल तर धडधाकट बाळही ‘वाढ कमी’ म्हणून दिसतं.

18 ते 20 आठवड्यांत ॲनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष बघणारी सोनोग्राफी), नंतर दर 3-4 आठवड्यांनी वाढीचा. रिपोर्टमध्ये एचसी म्हणजे डोक्याचा घेर आणि एसी म्हणजे पोटाचा घेर, हे दोन आकडे प्रत्येक वेळी शेजारी-शेजारी लिहून ठेवा. विषाणूने सुरुवातीलाच पेशींची वाढ रोखली तर बहुधा डोकं-पोट दोन्ही मागे राहतात. वारेतून रक्त कमी पडत असेल तर डोकं वाढत राहतं आणि पोट बारीक राहतं. तिथे डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) लागतो. मेंदूतले कॅल्शियमचे ठिपके, उजळ दिसणारं आतडं, वाढलेलं यकृत यांकडे खास बघायला सांगा. मात्र स्कॅन चांगला आला म्हणजे लागण नाही, असं होत नाही.

गर्भजलाची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) 21 व्या आठवड्यानंतर, आणि लागणीला 8 आठवडे उलटल्यावरच. विषाणू बाळाच्या लघवीतून गर्भजलात उतरतो. घाई केली तर निगेटिव्ह येऊन फसगत होते.

सिस्टर_वाळवा:
हा विषाणू लहान मुलांच्या लाळ-लघवीतून लागतो, म्हणून थोरल्याचं उष्टं वहिनींनी खायचं नाही. त्याची लाळ, शेंबूड, लघवी पुसली की साबणाने 20 सेकंद हात धुवायचे. पापी घ्यायची तर कपाळाची.

सावळजकर:
लॅबला फोन केला, नमुना आहे. बाळंतपणानंतर काही करायचं का?

लॅबवाला:
हो. बाळाच्या लघवीची सीएमव्ही पीसीआर 21 दिवसांच्या आत. नंतर केली तर लागण पोटातली की बाहेरची, हे कळत नाही. लागण निघाली तर जन्मताच कान तपासा, आणि पहिली तपासणी चांगली आली तरी पुढची काही वर्षं तपासत राहा; बहिरेपण उशिरानेही येतं.