तीन लाख माणसं असूनही मांचुरियातले स्वयंसेवक दीड वर्षात कसे मोडले?

प्रश्न (इतिहासवेडा): १८ सप्टेंबर १९३१ ला मुकदेनजवळ जपान्यांनी स्वतःच रुळाशी स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि मांचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग, गिळला, इथवर समजलं. तिथल्या चिनी सत्ताधीशाच्या, चांग शुएलियांगच्या, फौजेला लढू नका असा हुकूम होता, म्हणून सैनिक, शेतकरी, दरोडेखोरसुद्धा आपापल्या टोळ्या करून लढले. आकडा तीन लाखांच्या घरात सांगतात. मग १९३३ उजाडताच सगळं आटोपलं कसं?

मालदांडी: मी मंगळवेढ्याचा, तेव्हा उत्तर ज्वारीतूनच येणार. तिकडची काओल्यांग म्हणजे ज्वारीच. पण आपल्या रब्बीसारखी नाही. वसंतात पेरणी, ऐन उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाते, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. पीक उभं असेतो शे-दोनशे माणसं रुळापासून हाकेच्या अंतरावर दबा धरून बसत. विळा फिरला की रान उघडं, त्यात हाडं गोठवणारी थंडी आणि बर्फात पावलांचा माग. जपानी मोठ्या मोहिमा तेव्हाच काढत.

१९३२ चंच बघा. १५ सप्टेंबरच्या रात्री फुशुनच्या कोळसा खाणीवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी जपान्यांनी वाटेवरचं पिंगदिंगशान गाव एका जागी गोळा केलं आणि मशीनगन चालवल्या. का, तर हल्लेखोरांची खबर दिली नाही. पुढे डिसेंबरात स्वयंसेवकांचा सरदार सू बिंगवेन याची फौज माघार घेत सोव्हिएत हद्दीत गेली, जानेवारीत ली दू आणि वांग देलिन हे सरदारही गेले.

रानवारा: सगळं ज्वारीवर ढकलू नका. काडतुसं कुठून येणार होती? मा झानशान हा त्यांचा नावाजलेला सरदार तर जपान्यांनाच जाऊन मिळाला होता.

मालदांडी: काडतुसांचं मान्य. लाल भालेवाले या शेतकऱ्यांच्या गुप्त संघटनेचा तर मंत्रतंत्राने गोळी लागत नाही यावर भरवसा होता, आता बोला. सरदारही प्रत्येक जण आपल्या प्रांतापुरता, सगळ्यांचा मिळून सेनापती नाहीच. पण मा झानशानला नुसता फितूर म्हणू नका. नोव्हेंबर १९३१ मध्ये नेन नदीच्या पुलावर त्यानेच जपान्यांना झुंजवलं, शांघायात त्याच्या नावाची सिगारेट निघाली. पुढे मांचुकुओ या जपान्यांनी उभारलेल्या बाहुल्या राज्याचा युद्धमंत्री झाला खरा. एप्रिल १९३२ मध्ये मात्र पैसा आणि सामान घेऊन निसटला आणि पुन्हा लढायला उभा राहिला. जपान्यांच्याच खर्चाने! गनिमी कावा म्हणावा की पश्चात्ताप, माझं मत पहिल्याकडे झुकतं.

इतिहासवेडा: म्हणजे १९३३ नंतर कोणीच उरलं नाही?

मालदांडी: उरले, पण थोडे. जपान्यांनी लोकांना तटबंदीच्या वस्त्यांत कोंडलं, कारण गावातून धान्य गेलं नाही की रानातला माणूस आपोआप मरतो. उरलेल्यांतला गनिमी सेनानी यांग चिंगयू फेब्रुवारी १९४० मध्ये एकटा पडून मारला गेला. जपान्यांनी पोट फाडलं तर आत झाडाची साल, गवताची मुळं आणि कापूस. अन्नाचा कण नाही.

सोलापूरकर: आपले डॉ. कोटणीस याच सैन्यात ना?

मालदांडी: नाही हो. ते १९३८ मध्ये निघाले आणि चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेबरोबर होते. ते सैन्य वेगळं, मुलूखही वेगळा. सोलापूरचे म्हणून मलाही त्यांना इथे ओढायचा मोह झाला होता, आवरला.